धरणाला ओहोटी

१९८६ साल. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. माझे व्याही माझ्यापेक्षा थोडे मोठे, आणि डोंबिवलीत त्यांना सगळे शिट्टीअण्णा म्हणायचे. गळ्यात दोरीला शिट्टी बांधलेला हा माणूस एकदा स्वतःच्या बायकोला शहापूरच्या चहाच्या टपरीवर सोडून सहलीची बस घेऊन पुढे गेलेला. विहीणबाई टपरीवालीशी गप्पा मारत बसलेल्या. इकडे शिट्टी झाली, बस सुटली. बाई मागून एस.टी.ने आल्या. बसमधल्या लोकांना वाटलं, आता भांडण बघायला मिळणार. व्याही एवढंच म्हणाले, "बायको म्हणून थांबलो असतो तर उद्या कुणाच्या मेव्हण्यासाठी थांबावं लागलं असतं." ही गोष्ट मला खुद्द विहीणबाईंनी सांगितली, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. "एवढं करून मी तिथं पोचल्यावर मला विचारतात काय, तर डबा आणलास ना?"

सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी हा उद्योग लावून घेतलेला. धंदा नाही, नुसती हौस. थंडी पडली की रविवारी एक बस ठरवायची, कॉलनीतली माणसं भरायची, सकाळी निघून डोंगर, घाट, धरण, तळं दाखवायचं आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी. बसमध्ये माईक नव्हता आणि त्यांना तो लागायचाही नाही. त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा.

आता असा माणूस आमचा व्याही कसा झाला ते सांगतो. आमचं घर ठाण्याच्या कोपरीला, आम्ही खाडीचे कोळी. माझी शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. पण माझी थोरली पोर कुंदा कॉलेज शिकली, ठाण्यात हापिसात लागली आणि तिथेच तिने विनयला पसंत केलं. मी नाही म्हणालो. तिने रजिस्टर लग्न केलं. मी लग्नाला गेलो नाही, तिला दिवाळीला आणलं नाही, नारळी पुनवेला बोलावलं नाही. आळीतली माणसं जाळं विणता विणता मला ऐकू जाईल अशी बोलायची, "पोरगी वरणभाताच्या घरात गेली. आता बापसाला पण तूप लागंल." मला त्यांची लाज वाटायची. पोरीची आठवण यायची त्याचीही लाज वाटायची. दीड वर्ष मी ह्या दोन लाजांमध्ये काढलं आणि त्याला मी माझा ताठा समजत होतो.

लग्नाला महिना झाला नसेल तेव्हा व्याही पहिल्यांदा कोपरीला आले. मी बंदरावर जाळं सांधत बसलेलो. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत चपला, आणि चपलांवर घोट्यापर्यंत चिखल.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी कुंदाचा सासरा."

मी वर न बघता म्हणालो, "कोण कुंदा?"

हे मी माझ्या पोरीबद्दल म्हणालो. दुसरा कोणी असता तर तोंड फिरवून गेला असता. हे म्हणाले, "बरं. मग असाच आलोय समजा. बसू का?" आणि उलट्या घातलेल्या होडीवर बसले. तासभर बसले, चिखलातले खेकडे बघितले आणि उठून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. मग येतच राहिले.

एकदा ते आले तेव्हा मी पाण्यात होतो आणि ओहोटी लागलेली. होडी खाडीच्या मध्यात चिखलावर बसली. पाणी चढेपर्यंत मला काठाला येता येईना. ते छत्री उघडून उन्हात बसून राहिले. मी लांबून बघत होतो. मनात म्हणत होतो, जाईल आता, जाईल आता. हा माणूस हलला नाही. तिन्हीसांजेला भरतीबरोबर होडी लागली तेव्हा म्हणाले, "व्याही, तुमची गाडी लेट आली."

"खाडीला टायमटेबल नसतं," मी म्हणालो.

"असणार हो. आम्हाला वाचता येत नाही एवढंच."

ते मला जरा बरं वाटलं. मग मी त्यांना तिथी बोटांवर मोजून पाणी कधी चढतं, कधी उतरतं ते सांगितलं. उधाणाची मोठी भरती म्हणजे काय, भांगाची मंद भरती म्हणजे काय, तेही सांगितलं. 'नाही' सोडून मी त्यांच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. पुढच्या खेपेला ते कालनिर्णय बघून बरोबर भरतीच्या वेळेला आले आणि पोरासारखे खूश झाले. "बघा, बरोबर पकडली की नाही?" म्हणाले. मी हसलो नाही. हसू आलेलं, पण दाबलं.

घरी चला, असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. त्या वर्षी थंडी सुरू झाल्यावर आले आणि म्हणाले, "घरी या म्हणणार नाही. तुमचं म्हणणं तुमच्यापाशी. पण रविवारी सहल आहे. बस भाड्याची आहे, ड्रायव्हर उल्हासनगरचा आहे, रस्ता सरकारचा आहे. माझं त्यात काही नाही. मग बसायला काय हरकत?"

रात्री बायकोला सांगितलं. ती बाजारात मासळी विकायला बसायची, तिचा आवाज मोठा. तो तिने आणखी मोठा केला. "जावा. माझी पोर हापिस सुटल्यावर मना बाजारात भेटाया येते, चोरासारकी, पाटीच्या मागं उबी राहून. तुमी बापूस हाव का कोन हाव?" त्या दोघी भेटतात हे मला तेव्हा कळलं. रविवारी पहाटे धुतलेला लेंगा-शर्ट घातला, टोपी घातली आणि निघालो.

डोंबिवलीला बसपाशी पोचलो तेव्हा व्याही वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने बसच्या काचा बाहेरून पुसत होते. ड्रायव्हर आत बसून विडी ओढत होता. हे त्यांचं नेहमीचं. म्हणायचे, "डोंगर एवढा लांबून आपल्यासाठी उभा राहतो, आपण काच तरी पुसू." प्रत्येकाच्या हातावर आवळ्याची सुपारी ठेवली. मला पुढची पहिली सीट दिली. कुंदा विनयबरोबर चार सीटा मागे. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. जाड झाली होती जरा. साडी नवी होती. दीड वर्षात मी तिला पहिल्यांदा बघत होतो.

शिट्टी झाली. कल्याण मागे पडलं आणि नाशिकच्या हायवेला लागल्यावर व्याही उभे राहिले ते दिवसभर उभेच. ड्रायव्हरकडे पाठ, लोकांकडे तोंड, एका हातात वरचा दांडा. डोंगर सगळे त्यांच्या पाठीमागे. ते मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत. कुठला डोंगर कधी येतो ते त्यांना रस्त्याच्या वळणावरून कळायचं. कोणीतरी म्हणालं, "अण्णा, तुम्ही कधी बघणार?" तर म्हणाले, "मी डोंगर तुमच्या तोंडावर बघतो. मला चांगला दिसतो."

डोंगरांची ओळख ते नातेवाइकांसारखी करून द्यायचे. "डावीकडे बघा. माहुली. ही आपली आत्या. दारात उभी असते, आल्यागेल्याला विचारल्याशिवाय सोडत नाही." लोक हसायचे. कसारा घाट लागला की भेंड्या बंद, गाणी बंद. "घाटात गप्प बसायचं. घाट आपल्याशी बोलतो की नाही ते बघायचं." आणि खरोखर सगळी बस गप्प. नुसता इंजिनाचा आवाज, आणि खाली दरीत धुकं. मी जन्मभर सपाट पाणी बघितलेलं. एवढी खोल जागा बघून मी समोरचा दांडा घट्ट धरला. पण भीती तोंडावर दिसू दिली नाही, कारण समोर हा माणूस उभा, माझ्या तोंडावर डोंगर बघत.

माझ्या मागच्या सीटवर गोगटे म्हणून एक बँकेतले होते. तोंड सारखं चालू. घाट संपल्यावर मला म्हणाले, "काय कोळीकाका, तुमचं बंदर राहिलं मागे. आता सगळा चढच चढ." चार माणसं हसली. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला वाटलं, कुंदाने ऐकलं. तिच्या सासरच्या लोकांत तिचा बाप असा बसलाय, टोपी घालून, कोणाशी काय बोलावं ते न कळणारा. बाकीचे सगळे सवाल-जवाब खेळत होते, किल्ल्यांची नावं सांगत होते. मला त्यातलं एक नाव येत नव्हतं.

व्याह्यांना ते समजलं असणार. घोटी सोडल्यावर कळसूबाईचा डोंगर आला तेव्हा म्हणाले, "ही सगळ्या घराण्यात थोरली. आणि सांगतात असं, की कळसू ही कोळ्याची लेक." असं म्हणून माझ्याकडे बघून हसले. सगळी बस माझ्याकडे बघू लागली. मी काय म्हणालो? म्हणालो, "ते डोंगरातले कोळी. आमचा त्यांचा संबंध नाही." त्यांनी एवढ्या मायेने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि मी ती लाथेने सारली. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, जरा वेळ, आणि मग ते पुढच्या वळणाबद्दल बोलायला लागले.

जेवायच्या आधी भंडारदऱ्याच्या धरणावर पोचलो. उतरलो आणि मी थांबलोच. एवढं पाणी, डोंगराच्या कुशीत. तलाव मला नवे नव्हते, ठाण्यात राहून तलाव कोणाला नवे? पण तलावाचे चारी काठ दिसतात. ह्याचा पलीकडचा काठ कुठल्या कुठे डोंगरात शिरलेला. वारा होता, काठावर लाटा फुटत होत्या. काठाच्या चिखलावर पाण्याच्या रेघा, एकीखाली एक, वरची वाळलेली, खालची ओली, अगदी आमच्या खाडीला ओहोटीत दिसतात तशा. सकाळपासून मला पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं.

काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक उंचवटा होता, त्यावर देवीचं छोटं देऊळ. मधे पाण्याची पट्टी. बायका म्हणायला लागल्या, तिथे जायला मिळालं तर किती छान. व्याही म्हणाले, "पाणी आहे. जाता येणार नाही."

"येईल," मी म्हणालो.

सगळे वळले.

"पाणी उतरतंय. ह्या रेघा बघा. आज दशमी. तुमची जेवणं होईस्तोवर ओहोटी पुरी लागेल. ढोपरभर राहील, चालत जाऊ."

गोगटे म्हणाले, "काका, धरणाला ओहोटी?"

मी काही बोलायच्या आधी मागून कुंदाचा आवाज आला. "गोगटेकाका, पाण्यातलं माझ्या बाबांना विचारायचं. हवामानखातं चुकेल, बाबा नाही चुकणार."

ती पुढे आली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्या क्षणाला कोणी मला सांगितलं असतं की ह्या पाण्याचा आणि दर्याचा काही संबंध नाही, तर मी त्याला पाण्यात ढकललं असतं.

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. हात शिट्टीवर गेलेला, तो खाली आला. ह्या माणसाला मी स्वतः भरती-ओहोटी शिकवलेली. त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणाले, "मग थांबू. आज जेवणं इथेच."

"आणि सूर्यास्ताचा कडा?" कोणीतरी विचारलं. सहलीत शेवटी एका कड्यावरून सूर्यास्त दाखवायचा हा त्यांचा नेम होता आणि तो एकदाही चुकलेला नव्हता.

"सूर्य रोज मावळतो," व्याही म्हणाले. त्यांची ती बायको, विहीणबाई, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मी एक काठी घेतली आणि बरोबर पाण्याच्या कडेला चिखलात रोवली. पाणी किती उतरलं ते दिसावं म्हणून, आम्ही करतो तसं. जेवणं झाली. विहीणबाईंनी पुऱ्या दिल्या, त्या मी घेतल्या नाहीत, माझी भाकरी खाल्ली. काठीपाशी जाऊन बघितलं. पाणी काठीला लागून. पुन्हा थोड्या वेळाने गेलो. पाणी तिथेच. लाट येत होती, जात होती, पण पाणी जागचं हलत नव्हतं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी पाण्यात बोट बुडवून तोंडात घातलं. गोड. हे पाणी कुठेच जाणार नव्हतं. ह्याला चंद्र माहीत नव्हता. ह्याला भिंत घालून इथे बसवलेलं.

तेव्हाच मागे फिरून म्हणायला हवं होतं, चुकलो. चारच माणसं हसली असती. पण कुंदा लांब चादरीवर बायकांत बसून काहीतरी सांगत होती, हाताने होडी कशी वल्हवतात ते दाखवत होती. बायका ऐकत होत्या. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी बघत नाही असं वाटलं तेव्हा ती काठी उपटली आणि पाण्यापासून वीतभर लांब, कोरड्यात रोवली. उठून उभा राहिलो आणि मान वर केली तर व्याही माझ्या मागेच उभे. त्यांनी बघितलं होतं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पलीकडच्या डोंगराकडे बघत उभे राहिले. मग येऊन माझ्या शेजारी दगडावर बसले.

"व्याही," मी हळू आवाजात विचारलं, "ह्या पाण्याला दर्याकडे जायला वाट आहे का?"

"आहे ना. भिंतीतून सोडतात तेव्हा जातं. सरकारच्या मनात येईल तसं."

"मग हे आज उतरेल?"

"बघू. घाई काय आहे?"

त्यांना घाई नव्हती. शिट्टीअण्णांना. आम्ही दोघे त्या थांबलेल्या पाण्याकडे बघत बसलो. ऊन कलायला लागलं. बसमध्ये लोक चुळबुळ करायला लागले. गोगटे दर थोड्या वेळाने येऊन काठीकडे बघून जात. शेवटी एक म्हातारी बोरं विकत काठाने आली. गोगट्यांनी तिला विचारलं, "आजी, त्या देवळात कसं जायचं?"

"आता न्हाई जाता येत," ती म्हणाली. "शिमग्याला या. तवा पाणी आटतं, गाळातनं वाट पडती."

"ऐका हो मंडळी," गोगटे ओरडले. "दुपारी नाही, शिमग्याला. मुक्काम करायचा, की जाऊन परत यायचं?"

सगळी बस हसली. खिडक्यांतून माणसं डोकी बाहेर काढून हसत होती. कुंदा चादर घडी करत होती, ती तशीच हातात धरून उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं. मी काठीकडे बघत होतो, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

व्याह्यांनी शिट्टी मारली. दगडावर उभे राहिले आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मंडळी, चूक माझी आहे. हे पाणी खाडीसारखं उतरतं का, असं व्याह्यांनी मला सकाळीच विचारलेलं. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या भरवशावर हिशेब केला. तुमचा सूर्यास्त मी बुडवला. माफ करा."

हसणं थांबलं. आणि कुंदा सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे येऊन म्हणाली, "अण्णा, माहीत नव्हतं तर सांगायचं कशाला? आज पहिल्यांदा माझे बाबा आले. पहिल्यांदा. आणि तुम्ही त्यांचं हसं केलंत."

"कुंदा, हळू," विनय म्हणाला.

"का हळू? ते हसतात ते चालतं?"

"चुकलं गं माझं," व्याही म्हणाले. सुनेसमोर, बायकोसमोर, ज्यांना ते वर्षानुवर्षं वेळ पाळायला शिकवत आले त्या सगळ्या लोकांसमोर. आणि मी दगडावर बसून होतो. माझी पोर माझ्यासाठी एका खऱ्या माणसाला बोल लावत होती आणि मी तोंड उघडलं नाही. मला ते आजही आठवतं, की मी ऐकत होतो आणि मला आतून थोडं बरंही वाटत होतं, पोर माझ्या बाजूने भांडते म्हणून.

परतीच्या वाटेत घाटात अंधार पडला. व्याही उभेच होते पण बोलायला काही नव्हतं, काचेत काही दिसत नव्हतं. मागे लोक कुजबुजत होते, अण्णांचं वय झालं आता. कुंदा खिडकीला डोकं लावून बसलेली, सासऱ्याशी बोलत नव्हती आणि नवऱ्याशीही नाही. कल्याणला मला उतरवलं तेव्हा व्याही खालपर्यंत आले. म्हणाले, "आलात, बरं वाटलं."

मी म्हणालो, "हं."

पुढे बरीच वर्षं मी त्यांच्या प्रत्येक सहलीला गेलो. पहिली सीट माझी ठरलेली. गोगटे प्रत्येक तळ्यावर, प्रत्येक धरणावर मला विचारायचे, "कोळीकाका, आज ओहोटी किती वाजता?" आणि मी त्यांना तिथी मोजून वेळ सांगायचो. आधी लाज गिळून सांगायचो, मग नुसता सांगायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. दुसऱ्याने हसलेलं सोसतं, हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, आणि ते ह्या माणसाकडून.

शेवटच्या सहलीला त्यांच्या पायांत ताकद उरली नव्हती. विनयने त्यांना माझ्या शेजारी बसवलं, तोंड रस्त्याकडे करून. कसारा घाटात त्यांनी पहिल्यांदा समोरून डोंगर बघितला. बराच वेळ बघितला. मग मला कोपर मारून म्हणाले, "व्याही, बरे आहेत हो. मी उगीच एवढी वर्षं लोकांची तोंडं बघत बसलो." त्र्याण्णव साली ते गेले. त्यांना पोचवायला आमच्या आळीतली माणसंही आली, तीच, वरणभाताचे टोमणे मारणारी. त्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्याबद्दल काही काही सांगितलं. मला सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते मी त्यांना आणि त्यांच्या घराला आधीच सांगून बसलेलो. ते असं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चांगलं होतं, पण मी होडी काढली नाही. डोंबिवलीला गेलो. घर मला माहीत नव्हतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला शिट्टीअण्णा म्हटलं, त्याने दारात नेऊन सोडलं. कुंदाने दार उघडलं. हापिसला निघायची घाई, केस ओले, डोळे सुजलेले. मला बघून तिचा हात तोंडावर गेला.

"बाबा? आईला काय झालं?"

तिचा बाप दारात आला म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार, असं तिला वाटलं. तिची काही चूक नव्हती.

"आईला काय नाय झालं," मी म्हणालो. वाटेत घोकत आलेलो ते एका दमात बोललो. "काल अण्णा खोटं बोलले. सकाळी मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, मी त्यांना काही विचारलं नव्हतं. ओहोटी माझी मीच लावली. आणि ती काठी, तीपण मीच हलवली. तू त्यांना बोललीस ते मला बोलायचं होतं."

कुंदा वळून सासऱ्याकडे बघत राहिली. ते टेबलापाशी पेपर वाचत बसलेले. त्यांनी चष्मा काढला, पेपरची घडी घातली.

"व्याही," ते म्हणाले, "हे दारात उभं राहून सांगायचं काम नाही. आमची ही आत पोळ्या करतेय, तिला स्टोव्हच्या आवाजात काही ऐकू आलं नसणार. आणि विनय आंघोळीला गेलाय."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन खुर्चीत बसलो. विहीणबाई हात पुसत बाहेर आल्या, विनय टॉवेल गुंडाळून आला. मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.